पाटकरी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज सकाळी आमच्या बावखलात एक कुत्रा पडलेला आढळला. या तळ्याचा काठ तीन बाजूंनी उभा आहे. चौथ्या बाजूस उतार असूनही तो तिकडे का पोहत गेला नाही, हे त्याचे त्यास ठाऊक. नारळ पाडण्याची काठी पुढे केली, तर तो काठीसच घाबरून लांब जाऊ लागला. अखेर मला कमरेइतक्या पाण्यात उतरून त्याच्या मानगुटीस धरावे लागले. वर आल्यावर त्याने अंगावरील सर्व पाणी माझ्यावर झाडले व केळीखाली जाऊन थरथरत बसला. रंग मळकट पांढरा, एक कान काळा, शेपटीचे टोक तुटलेले.

माझी पत्नी लिली हिने त्यास पेज घातली. मी तिला बजावले की, खाऊ घातले की ती ब्याद गळ्यात पडते.

ती म्हणाली, "पाण्यातून कोणी काढला? मग आधी तुमच्या गळ्यात."

२४ नोव्हेंबर, रविवार

कुत्रा अद्याप गेलेला नाही. चर्चमधील मिस्साहून परतलो तेव्हा तो फाटकाशी उभा होता. आपण घरमालक व आम्ही पाहुणे, अशा थाटात आमच्यापुढे ओट्यापर्यंत चालत गेला.

याबाबत माझी भूमिका येथे लिहून ठेवतो. आमच्या वाडीत कुत्रा पाळला जात नाही. पाच वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतील माझा चुलतभाऊ लुईस याच्या कुत्र्याने माझे पालकाचे वाफे तुडवले होते. त्या वेळी चर्चच्या आवारात, आंब्याखाली, चार लोकांसमोर मी त्यास सांगितले होते की, ज्यास कुत्रा बांधून ठेवता येत नाही त्याने तो पाळू नये. लुईसने तो कुत्रा अर्नाळ्यास मेहुण्याकडे पाठवून दिला. त्यानंतर पुष्कळ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तथापि मी बोललो ते योग्यच होते. असे बोललेल्या माणसाने स्वतः कुत्रा पाळणे शोभत नाही. म्हणून हा कुत्रा आमचा नाही. तो येतो, जातो.

लिली म्हणाली, "येतो ते बघितलं. जातो कधी?"

घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. येथे मी ते नीट करून लिहितो. बोलीत लिलीचे बोलणे याहून अधिक झोंबते. माझी शाळा चौथीनंतर सुटली, कारण वाडीत माणूस हवे होते. परंतु शुद्धलेखनात मी वर्गात पहिला होतो व ती सवय सोडलेली नाही.

४ डिसेंबर, बुधवार

आज मुळ्याला पाणी देताना एक गोष्ट घडली. आमच्याकडे मोटारीचे पाणी पाटातून एकेका वाफ्यात सोडतात. वाफा भरला की त्याचे तोंड मातीने बुजवायचे आणि पुढच्याचे उघडायचे. वाफे लांब आहेत. पाणी शेवटच्या रोपास पोहोचले की नाही, हे पाहण्यास दर वेळी टोकापर्यंत जावे लागते, आणि माझे गुडघे आता त्यास राजी नसतात.

कुत्रा वाफ्याच्या टोकाशी उन्हात पडला होता. पाणी त्याच्या पायास लागताच तो उठला, एकेक पाय वेगवेगळा झाडला, बांधावरून सरळ माझ्याकडे आला आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी जाऊन पाहिले. वाफा नेमका भरलेला होता. पुढच्या वाफ्यात पाणी सोडले, तर तो त्या वाफ्याच्या टोकाशी जाऊन पडला.

योगायोग असावा.

१७ डिसेंबर, मंगळवार

योगायोग नाही. बावखलात पडल्यापासून त्यास ओल्या पायांचा तिटकारा बसला आहे, आणि कोरड्या उन्हाची जागा वाफ्याच्या टोकाशीच असते. म्हणून तो तेथे पडतो आणि पाणी आले की मजकडे तक्रार घेऊन येतो. मी आता पाटाच्या तोंडाशी ओंडक्यावर बसूनच सर्व वाफे भरतो. गुडघ्यांस आराम आहे.

आमचा मुलगा ग्लेन याची पत्नी शर्लिन त्यास 'ब्राऊनी' म्हणते. त्याच्या अंगावर तपकिरी केस एकही नाही. मी हे निदर्शनास आणून दिले तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, मग तुम्ही ठेवा ना नाव."

मी नाव ठेवलेले नाही. नाव ठेवले की तो आपला होतो. केवळ कामाच्या सोयीसाठी मी त्यास पाटकरी म्हणतो. पाटाच्या पाण्यावर देखरेख करणाऱ्यास पाटकरी म्हणतात. ते नाव नव्हे, हुद्दा आहे.

२६ डिसेंबर, गुरुवार

नाताळ चांगला झाला. शर्लिनने काल सर्वांस भेटी दिल्या. मला एक डबी मिळाली. आत तांबड्या रंगाचा पट्टा निघाला.

"तुमचं नाही, पप्पा. त्याचं आहे. तुम्ही घालायचं."

मी म्हटले, पट्टा हा मालकीचा पुरावा असतो आणि येथे मालकीच नाही.

ग्लेन म्हणाला, "पप्पा, पट्टा असला की महापालिकेची गाडी उचलून नेत नाही. एवढंच."

मी नकार दिला. पट्टा मोटारघरात खिळ्यास अडकवून ठेवला आहे. चांगली वस्तू टाकून देणे योग्य नव्हे.

१९ जानेवारी २०२५, रविवार

तापाने आठवडाभर पडून होतो. आज प्रथमच ओट्यावर येऊन बसलो. लिलीच्या म्हणण्यानुसार कुत्रा या दिवसांत माझ्या खिडकीखालून हलला नाही व धड जेवलाही नाही. बायकांस अशा गोष्टी रंगवून सांगण्याची आवड असते. तो हडकलेला दिसतो, हे खरे आहे.

मी बसल्यावर त्याने माझ्या चपलेवर हनुवटी टेकली व डोळे मिटले. चप्पल नवी आहे. तरीही पाय काढून घेतला नाही, कारण अशक्तपणा होता.

९ फेब्रुवारी, रविवार

मिस्सानंतर आंब्याखाली लुईसने मला गाठले. शेजारी लिली व शर्लिन होत्या, आणखीही माणसे होती.

"दादा, माझी एक कोंबडी गेली. पिसं तुझ्या कुंपणाशी सापडली."

"मग?"

"मग तुझ्याकडे कुत्रा आहे म्हणून विचारतो."

"माझ्याकडे कुत्रा नाही."

लुईस हसला. तो इतरांकडे वळून म्हणाला, "ह्याच झाडाखाली मला कोणीतरी शिकवलेलं, ज्याला बांधता येत नाही त्याने पाळू नये. कोण होतं बरं ते? मोठा शुद्ध बोलणारा माणूस होता."

लोक हसले. मी शांतपणे सांगितले की, तो कुत्रा कोणीतरी सोडून दिलेला आहे, तो येतो व जातो, आणि आमचा त्याच्याशी संबंध नाही. शर्लिन काही बोलणार होती. लिलीने तिचा हात धरला.

घरी परतलो तेव्हा तो नेहमीप्रमाणे फाटकाशी उभा होता. लिली त्यास म्हणाली, "चल रे, संबंध नसलेल्या. जेवायला चल."

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. सकाळी कपाळास राख लावून आलो व मिरचीस पाणी सोडले. पाणी भरेपर्यंत ओंडक्यावर बसलो असता लुईस वाडीत आला. त्याच्याही कपाळावर राख होती. हातात दोन मेलेल्या कोंबड्या पायाला धरून आणल्या होत्या. त्या त्याने माझ्यासमोर मातीवर ठेवल्या. ईस्टरसाठी राखलेल्या होत्या.

त्याच वेळी वाफा भरला, म्हणून पाटकरी परत आला व माझ्या चपलेवर हनुवटी टेकून बसला. ही वेळ त्याने निवडावयास नको होती.

लुईसने त्याच्याकडे पाहिले. मग म्हणाला, "दादा, एकदाच विचारतो. हा माझा आहे एवढं म्हण, मी गप घरी जातो. कोंबड्यांचं काय, पुन्हा होतील. तू फक्त म्हण."

मी म्हणालो, "जो माझा नाही, त्यास माझा कसे म्हणू?"

"ऐकलंस काय रे?" लुईस कुत्र्यास म्हणाला. "मग पायावरनं डोकं काढ. परक्या माणसाच्या पायावर झोपू नये."

कुत्र्याने शेपटी हलवली.

"म्हणजे कोणाचाच नाही?"

"कोणाचाच नाही."

"मग मी ह्याला कुठे लांब नेऊन सोडला, तर तुझी हरकत नाही ना?"

"हरकत घेण्याचा मला अधिकारच पोहोचत नाही."

"शुद्ध बोललास," लुईस म्हणाला. कोंबड्या उचलून तो गेला. पाटकरी त्यास फाटकापर्यंत पोहोचवून आला.

लुईस बोलतो फार, करत काही नाही.

७ मार्च, शुक्रवार

कुत्रा काल दुपारपासून दिसला नाही. आज सकाळीही नाही.

लिलीने थाळीत पेज काढली आणि ती थाळी तिने माझ्यासमोर आणून ठेवली. "ही कोणाला घालू?" एवढेच विचारले.

शर्लिन रडली. म्हणाली, "पप्पा, एक शब्द बोलायचा होता फक्त."

मी तिला सांगितले की, मी खोटे काही बोललो नाही. जे पूर्वीपासून सांगत आलो, तेच सांगितले.

झोप लागत नाही. उकाडा या वर्षी लवकर सुरू झाला आहे.

११ मार्च, मंगळवार

मिरचीच्या वाफ्यात पाणी जास्त झाले, टोकाचा बांध फुटला आणि शेजारच्या मोगऱ्यात पाणी शिरले. मिरचीची मुळे कुजण्याची भीती आहे. मी ओंडक्यावर बसलो होतो. पाणी केव्हा भरले, ते कळले नाही. मोटार अधिक पाणी खेचत असावी, म्हणून मेकॅनिकास बोलावून दाखवली. त्याने मोटारीत काही दोष नसल्याचे सांगितले. त्यास काम येत नाही.

१६ मार्च, रविवार

लिली माझ्याशी थेट बोलत नाही. जेवताना शर्लिनला म्हणते, "त्यांना विचार, भात हवा का." मी उत्तर देतो. ते उत्तरही ती शर्लिनच्या तोंडून पुन्हा ऐकून घेते.

भांड्यांजवळची त्याची थाळी अजून उचललेली नाही. चिमण्या तीत उतरतात.

२० मार्च, गुरुवार

सकाळी लुईस आला. फाटकातून हाक न मारता आत आला आणि माझ्याकडे न पाहता ओंडक्याच्या दुसऱ्या टोकास बसला.

"दादा, मुंगूस होतं."

मी पाटाचे तोंड बुजवीत होतो.

"काल अजून एक कोंबडी नेली. रोझमेरीने डोळ्यांनी बघितलं. खुराड्याच्या खालून बीळ आहे." रोझमेरी ही त्याची पत्नी. "तुझ्या कुत्र्याने काही केलं नव्हतं."

"माझा कुत्रा नव्हता."

"बरं बाबा. त्या कुत्र्याने." तो पाटाकडे पाहून सांगू लागला. "गावातला जोनाथन टेम्पो घेऊन सातिवलीला क्रेट आणायला जातो ना, त्याच्या टेम्पोतून नेला. गोणीत घातलेला. तोंड घट्ट नव्हतं बांधलं, श्वास घेईल एवढं ठेवलं. तिकडे गोदामांपाशी टेम्पोचा मागचा फळका उघडून सोडला. टेम्पोच्या मागे पळत आला थोडा."

"मी तुला हे विचारले आहे काय?"

"नाही. सांगतोय आपला."

पाटात एक पान अडकले होते. लुईसने ते काढून टाकले. म्हणाला, "मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. पाच वर्षं वाट बघितली. तू म्हणाला असतास ना, तर मी हसलो असतो आणि गेलो असतो."

"लोकांनी हसावे म्हणून मी बोलत नसतो."

"ते माहीत आहे," लुईस म्हणाला. "उद्या जाऊन बघू या का? मी येतो."

मी सांगितले की, गरज नाही.

२२ मार्च, शनिवार

आज सातिवलीस जाऊन आलो. केळी भरण्यासाठी प्लास्टिकचे क्रेट हवे आहेत व ते जोनाथनवर सोपवण्यापेक्षा स्वतः पारखून घेतलेले बरे. बस, मग रिक्षा. तिकडे पत्र्याच्या गोदामांच्या गल्ल्या आहेत. सर्व गल्ल्या सारख्याच दिसतात आणि कोठेही झाडाची सावली नाही. मनाजोगते क्रेट मिळाले नाहीत, म्हणून बऱ्याच गल्ल्या फिरावे लागले. कुत्री पुष्कळ आहेत. एकाचाही कान काळा नाही.

संध्याकाळी माझा सदरा धुताना लिलीला खिशात सुका बोंबील सापडला. उपवासकाळात मी बोंबील घेऊन कोठे गेलो होतो, हे तिने विचारले नाही.

१ एप्रिल, मंगळवार

पुन्हा क्रेटसाठी जावे लागले. निघताना पाहिले, तर माझ्या टोपीशेजारी कागदात बांधलेली एक पुडी ठेवलेली होती. वासावरून आत काय आहे ते कळले. लिली स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती.

एका गल्लीत भंगाराच्या ढिगामागे काही पांढरे हलताना दिसले, म्हणून मी 'पाटकरी' अशी हाक मारली. ती जरा मोठ्याने गेली असावी. एक कामगार मुलगी बाहेर आली.

"काका, कोणाला शोधताय?"

"माझ्याकडे पाण्याच्या कामावर होता, त्यास."

"काम सोडून गेला का?"

"होय."

"दिसायला कसा आहे? कपडे कुठले होते?"

"पांढरा," मी म्हणालो. "एक कान..." येथे मी थांबलो. ती वाट पाहत उभी होती. मी तिचे आभार मानून निघालो.

लिली आता थेट बोलू लागली आहे. "दमलात?" असे विचारले.

९ एप्रिल, बुधवार

गेलो होतो. नाही.

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार

दुपारी चर्चमध्ये येशूच्या दुःखसहनाचे वाचन होते. दर वर्षी मी पहिल्या रांगेत उभा राहून ते शेवटपर्यंत ऐकतो, आणि वाचणाऱ्याचे उच्चार चुकले तर नंतर त्यास भेटून सांगतो. या वर्षी वाचणारा स्पष्ट वाचत होता. येशूचा शिष्य पेत्र शेकोटीपाशी उभा आहे आणि लोक त्यास, "तूही त्याच्याबरोबर होतास ना?" असे विचारतात, तेथपर्यंत ऐकले. पुढे तो तीनदा नाही म्हणतो, ते मला पाठ आहे. मग मी बाहेर आलो. आत फार उकडत होते.

आंब्याखाली लुईस आधीच येऊन उभा होता. तोही उकाड्यामुळेच बाहेर आला असावा.  तो म्हणाला, "दादा, जोनाथनला एका गोदामाच्या गेटवर काळ्या कानाचा कुत्रा दिसलाय. उद्या क्रेट बघायला जाऊ या?"

क्रेट हा शब्द त्याने अगदी सरळ चेहऱ्याने उच्चारला. मी हो म्हणालो.

१९ एप्रिल, शनिवार

सविस्तर लिहितो.

सकाळी लुईस जोनाथनचा टेम्पो घेऊन आला. निघताना मी मोटारघरातील खिळ्यावरून पट्टा काढून खिशात ठेवला. शर्लिनने ते पाहिले व ती घरात गेली.

ते गोदाम अगदी टोकाच्या गल्लीत आहे. टेम्पो बाहेर थांबवून मी पायी पुढे गेलो. फाटकाच्या आत जमिनीतील पाण्याच्या टाकीत टँकर रिकामा होत होता. टाकीच्या तोंडाशी, उन्हात, तो पडला होता. त्याने मला पाहिले नव्हते. टाकी भरून पाणी वर आले आणि त्याच्या पायास लागले. तो उठला, एकेक पाय वेगवेगळा झाडला, सरळ पहारेकऱ्याच्या खाटेपाशी गेला आणि त्याच्या तोंडाकडे पाहत बसला. पहारेकऱ्याने टँकरवाल्यास हात केला. टँकरवाल्याने पाणी बंद केले.

माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती. तिकडे धूळ फार आहे.

पहारेकऱ्याचे नाव श्रीपत. खाडीकाठचा माणूस आहे. वयाने माझ्याहून थोडा लहान असेल. मला उभा पाहून तो म्हणाला, "बगितलंव का? टाकी भरली का सांगाया येतो. कोनी शिकवलं देव जाने. आधी रोज पानी वाहून रस्त्यावर जायाचं, मालक वरडायचा. इथं आमचीच भाताची खाचरं होती, बाबा. आता त्याच जाग्याची राखन करतो. तेवाही पानी राखायचो, आताही पानीच राखतो."

"पाहिले," मी म्हणालो. माझा आवाज ऐकून कुत्र्याने मान वर केली. तो धावत आला. त्याने असा आवाज काढला, जसा आमच्याकडे कधी काढला नव्हता. प्रथम माझ्या हातांचा, मग खिशाचा वास घेतला आणि मग माझ्या चपलेवर हनुवटी टेकून डोळे मिटले. आज अशक्तपणा नव्हता. मी पाय काढून घेतला नाही.

श्रीपत पाहत होता. "तुमचा हाय का?" त्याने विचारले. मी उत्तर देणार, इतक्यात लुईसने टेम्पो मागे घेत फाटकातून आत आणला आणि मागचा फळका खाली सोडला.

फळक्याचा आवाज होताच चपलेवरचे वजन गेले. तो आडवा आडवा मागे सरकला, पाठ वाकवून, पोट जमिनीला लावून, आणि श्रीपतच्या खाटेखाली शिरला. मी पुडी उघडून बोंबील पुढे धरला. त्याने घेतला नाही. मी पाटकरी म्हणून हाक मारली. त्याची शेपटी खाटेखाली हलली. तो माझ्याकडे पाहत होता, नंतर टेम्पोकडे, परत माझ्याकडे. पण बाहेर आला नाही.

श्रीपत म्हणाला, "टेंपो दिसभर येतात-जातात, त्याचं काय नाय. पन मागचा फळका पडला का असाच करतो. कोनीतरी टेंपोतनं आनून टाकला असंल."

लुईस खाली मान घालून उभा होता. मग तो टेम्पोकडे गेला व गोणी घेऊन आला. "दादा, घालून नेऊ. थोडा वेळ ओरडेल. घरी पोचला, बावखल दिसलं, की विसरेल सगळं."

"माझा कुत्रा गोणीत जाणार नाही," मी म्हणालो.

लुईस गोणी हातात धरून तसाच थांबला.

"काय म्हणालास?"

मी तेच पुन्हा सांगितले. तो हसला नाही. त्याने गोणीची घडी घालून काखेत धरली आणि फळका स्वतः वर करून हळू बंद केला, आवाज न करता.

दोरी बांधून ओढत नेणे हे गोणीसारखेच झाले असते. इतके अंतर, मध्ये महामार्ग, चालवत आणणे माझ्या गुडघ्यांनी शक्य नाही. आणि खाटेखाली तो जेथे होता, तेथे एक जुनी चादर घडी करून घातलेली होती व शेजारी पाण्याचा डबा होता. हे मी पाहिले.

मी श्रीपतला सांगितले, "होय, माझा आहे. त्याचे नाव पाटकरी."

"पाटकरी," श्रीपत म्हणाला आणि त्यास हे नाव पटलेले दिसले. "बरोबर हाय. आमी नुस्ता 'ए' म्हनायचो."

मी खाटेपाशी गुडघे टेकले. लुईस आधार देण्यास पुढे आला, त्यास मी थांबवले. पट्टा घालण्यास वेळ लागला, कारण बक्कल नवे व घट्ट होते. त्याने मान पुढे धरून ठेवली. श्रीपतला सांगितले की, पट्टा काढू नये. पट्टा असला की गाडीवाले नेत नाहीत. तो म्हणाला, "नाय काढनार, बाबा. तुमी येत जा बघायला."

उठताना मात्र लुईसचा हात धरावा लागला.

निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला आणि आतल्या बाजूस बसला. टेम्पोमागे धावला नाही. लुईस फार हळू चालवत होता. महामार्ग लागला. मग तो म्हणाला, "क्रेट राहिले की, दादा."

मी म्हणालो, "असू देत."

२० एप्रिल, रविवार. ईस्टर

मिस्सानंतर आंब्याखाली नेहमीची माणसे जमली होती. त्यांतील ॲलिस्टरने सहज विचारले, "डॉमनिककाका, तो तुमच्याकडे यायचा-जायचा तो कुत्रा दिसत नाही हल्ली?"

लुईस चपलेने माती उकरू लागला. मी उत्तर दिले की, माझा कुत्रा सातिवलीस असतो, तेथे पाण्याच्या कामावर आहे. एकजण हसला. लुईसने त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो गप्प झाला.

घरी फाटकाशी कोणी नव्हते. तरी लिली तेथे थोडी थांबली, मग आत गेली.

२२ एप्रिल, मंगळवार

आज वांग्यांस पाणी दिले. ओंडक्यावर लिली फावडे घेऊन बसली. मी चपला काढून बांधावरून चालत वाफ्याच्या टोकाशी गेलो आणि तो पडत असे त्या जागी उभा राहिलो. ती जागा अजून थोडी खोलगट आहे.

पाणी येताना लगेच दिसत नाही. आधी माती काळी होते, मग वाळलेली पाने सरकू लागतात. बराच वेळ लागतो. इतका वेळ तो येथे काय करत असे, याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. येथून ओंडका सरळ समोर दिसतो, आणि ओंडक्यावर बसलेले माणूसही.

पाणी पायास लागले. मी एकेक पाय वेगवेगळा झाडला आणि बांधावरून परत आलो. लिलीने माझ्या तोंडाकडे पाहिले व पाटाचे तोंड बुजवले.